चुकूचं चिलट आणि आजोबांची टक टक टक

कराडात एक घर. घरात एक भिंत. भिंतीपाशी एक टीव्ही. टीव्हीच्या मागे एक फट. फटीत राहते चुकू.

चुकू कोण? पालीचं पिल्लू.

ई करू नका हं! चुकू एवढीशी. तुमच्या करंगळीएवढी. पोट पांढरं, डोळे काळे, शेपूट वळवळ वळवळ. ती भिंतीवरून पळते सरर सरर. आणि थांबते कशी? गप्प! अगदी हलत नाही. आपणही तसंच करायचं. मी ‘गप्प’ म्हटलं की हलायचं नाही. करून बघू? सरर सरर, गप्प!

कोण हललं? पाय कोणाचा हलला? बरं, असू दे.

चुकू बोलते कशी? चुक चुक चुक. म्हणून तिचं नाव चुकू.

टीव्ही होता जुना. पण तब्येत चांगली. रोज संध्याकाळी लागायचा. निळा निळा उजेड पडायचा. उजेडाला चिलटं यायची. गुंईं गुंईं. चुकू फटीतून बाहेर यायची. सरर सरर, गप्प! सरर सरर, गप्प! आणि मग गट्टम! झालं जेवण. चुकूला कधी स्वयंपाक करावा लागला नाही.

एकदा काय झालं, टीव्हीवर एक चिलट येऊन बसलं. छान गुबगुबीत. चुकू निघाली. सरर सरर, गप्प! अजून जवळ. सरर सरर, गप्प! तिनं तोंड उघडलं. आऽऽ!

आणि टप्प! टीव्ही बंद.

केबल गेली. उजेड गेला. चिलट म्हणालं, “अंधारात कोण बसतंय!” आणि गेलं उडून. खिडकीतून बाहेर. शेजारच्या गवळीकाकूंकडे. तिथं टीव्ही चालू होता ना!

चुकूचं तोंड उघडंच राहिलं. आऽऽ!

केबल गेली ती गेलीच. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. घरातले आजोबा उदास झाले. त्यांना कुस्ती बघायची असायची. घरातली ठकू उदास झाली. ती एवढीशी, तुमच्याएवढी. तिला कुस्ती बघणारे आजोबा बघायचे असायचे. कारण पैलवान पडला की आजोबाही खुर्चीतून पडायचे.

मग एके दिवशी आईनं एक कांडी आणली. काळी, चपटी, चॉकलेटएवढी. ठकूनं ती चाटून पाहिली. चॉकलेट नव्हतं.

आई म्हणाली, “बाबा, ही कांडी लावली की आपला टीव्ही स्मार्ट होणार!”

आजोबा म्हणाले, “एवढंच ना? मी करतो स्मार्ट.”

त्यांनी टीव्ही ओल्या फडक्यानं पुसला. मग कोरड्या फडक्यानं पुसला. मग त्याच्या डोक्यावर पोपटाचं भरतकाम केलेला रुमाल घातला. पावडरसुद्धा लावणार होते. पण ठकूनं डबा रिकामा केला होता.

“झाला स्मार्ट!” आजोबा म्हणाले.

आई हसली. पोटभर हसली. मग तिनं कांडी टीव्हीच्या पाठीत खोचली. खट्! वायर बोर्डात घातली. खट्! आणि आजोबांच्या हातात एक छोटा रिमोट दिला.

“बाबा, मी सगळं जोडलंय. आता फक्त मधलं गोल बटण दाबायचं, की लागला टीव्ही.” आणि आई गेली कामावर.

आजोबा काही बटण दाबेनात. “दाबलं आणि बिघडलं तर? नको रे बाबा! नवी वस्तू आहे. आधी देवाला दाखवू.”

त्यांनी रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घातला. वर रबर लावलं. देवासमोर पाट मांडला. पाटावर रिमोट ठेवला. आणि त्याला कुंकू लावलं. कुठं? बरोब्बर मधल्या गोल बटणावर. मग आजोबा खुर्चीत जाऊन बसले.

टीव्ही काळाच. चिलट गवळीकाकूंच्या खिडकीत. आणि चुकूच्या पोटात कावळे ओरडायला लागले. काव काव काव!

पालीच्या पोटात कावळे मावले कसे? मला विचारू नका. पण ओरडत होते, हे मात्र खरं.

चुकू निघाली. सरर सरर, गप्प! गेली खिडकीच्या जाळीवर.

“चिलटराव, चिलटराव, या ना!”

“का गं चुकू?”

“माझ्या पोटात कावळे. काव काव काव!”

चिलट म्हणालं, “तुझ्याकडे अंधार. इकडे बघ किती उजेड! तुझा टीव्ही लागला तर येईन. नाहीतर नाही.”

“बरं बाई!” चुकू म्हणाली.

सरर सरर, गप्प! गेली टीव्हीकडे. टीव्ही रुमाल घेऊन झोपला होता. घुर्र घुर्र.

“टीव्हीकाका, टीव्हीकाका, लागा ना!”

“का गं चुकू?”

“चिलट येईना. माझ्या पोटात कावळे. काव काव काव!”

टीव्ही म्हणाला, “मी म्हातारा. मला एकट्याला काही सुचत नाही बघ. कांडी उठली तर लागेन. नाहीतर नाही.” आणि परत घुर्र घुर्र.

“बरं बाई!” चुकू म्हणाली.

सरर सरर, गप्प! गेली टीव्हीच्या मागे. तिथं होती कांडी. वायर पोटाशी घेऊन लटकत होती.

“कांडीताई, कांडीताई, ऊठ ना!”

“का गं चुकू?”

“टीव्ही लागेना. चिलट येईना. माझ्या पोटात कावळे. काव काव काव!”

कांडी म्हणाली, “उठेन गं. पण उठून दाखवू काय? माझ्याकडे कुस्ती नाही. माझ्याकडे गाणी नाहीत. सगळं वायफाय घेऊन येतो. वायफाय धावला तर उठेन. नाहीतर नाही.”

“बरं बाई!” चुकू म्हणाली.

वायफायची पेटी होती कपाटावर. उंच उंच. चुकू चढली. सरर सरर, गप्प! सरर सरर, गप्प! पेटीचे हिरवे डोळे लुकलुक लुकलुक.

“वायफायमामा, वायफायमामा, धावा ना!”

“का गं चुकू?”

“कांडी उठेना. टीव्ही लागेना. चिलट येईना. माझ्या पोटात कावळे. काव काव काव!”

वायफाय म्हणाला, “मी मामा आहे, मामा! बोलावल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही. मानपान आहे की नाही काही? रिमोट बोलला तर धावेन. नाहीतर नाही.”

आणि तो रुसून बसला. लुकलुक लुकलुक.

“बरं बाई!” चुकू म्हणाली.

आता कुठं जायचं? देवाकडे! सरर सरर, गप्प! पाटावर रिमोट. रिमोटवर पिशवी. पिशवीवर रबर.

“रिमोटदादा, रिमोटदादा, बोल ना!”

“ब्बब्ब ब्ब ब्बब्बू?” रिमोट म्हणाला. पिशवीत होता ना! त्याला म्हणायचं होतं, ‘का गं चुकू?’

“वायफाय धावेना. कांडी उठेना. टीव्ही लागेना. चिलट येईना. माझ्या पोटात कावळे. काव काव काव!”

रिमोटनं पिशवीला तोंड लावलं आणि जोरात म्हणाला, “बोलेन की! बोलायला मला फार आवडतं. पण बटण दबलं तर बोलेन. नाहीतर नाही.”

“बरं बाई!” चुकू म्हणाली.

बटण तर तिथंच होतं. मधोमध. गोल गोल. कपाळावर लाल कुंकू. चुकू एवढीशी पुढं सरकली. सर्र, गप्प!

“बटणराव, बटणराव, दबा ना!”

“का गं चुकू?”

“रिमोट बोलेना. वायफाय धावेना. कांडी उठेना. टीव्ही लागेना. चिलट येईना. माझ्या पोटात कावळे. काव काव काव!”

बटण म्हणालं, “हे बघितलंस का? कुंकू! आज मी नवरदेव आहे. नवरदेव आपणहून काही करत नाही. बोट टेकलं तर दबेन. नाहीतर नाही.”

चुकूनं आपलं बोट टेकवलं. दबलं का? छे! दुसरं टेकवलं. तिसरं टेकवलं. मग शेपटी आपटली. फट्! पालीच्या बोटानं कुठं बटण दबतं?

“मोठं बोट लागतं,” बटण म्हणालं. “आजोबांचं.”

“बरं बाई!” चुकू म्हणाली.

सरर सरर, गप्प! सरर सरर, गप्प! आजोबा खुर्चीत. खुर्चीच्या हातावर आजोबांचा हात. हाताला बोट.

“बोटोबा, बोटोबा, टेका ना!”

“का गं चुकू?”

“बटण दबेना. रिमोट बोलेना. वायफाय धावेना. कांडी उठेना. टीव्ही लागेना. चिलट येईना. माझ्या पोटात कावळे. काव काव काव!”

बोट म्हणालं, “मला किती कामं असतात, माहीत आहे का? चष्मा वर ढकलायचा. कान खाजवायचा. ठकूला ‘नाही हं’ म्हणायचं. मी आजोबांचं बोट. आजोबांनी ऐकलं तर टेकेन. नाहीतर नाही.”

“बरं बाई!” चुकू म्हणाली. पण आता तिचा आवाज बारीक झाला होता. भूक फार लागली होती.

ती आजोबांच्या डोक्यावरच्या भिंतीवर गेली. सरर सरर, गप्प! तिनं मोठा श्वास घेतला. आणि सगळं सगळं सांगितलं.

“आजोबा, आजोबा, ऐका ना! बोट टेकेना. बटण दबेना. रिमोट बोलेना. वायफाय धावेना. कांडी उठेना. टीव्ही लागेना. चिलट येईना. माझ्या पोटात कावळे. काव काव काव!”

आजोबांना काय ऐकू आलं?

चुक चुक चुक.

एवढंच! टीव्हीला पालीची भाषा कळते, कांडीला कळते, बटणालासुद्धा कळते. फक्त माणसांना कळत नाही.

आजोबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बोटानं खुर्चीवर केलं टक टक टक. आणि म्हणाले, “कृष्ण कृष्ण!”

कारण पाल चुकचुकली की आजोबा असंच करायचे. त्यांची आई असंच करायची. आईची आई असंच करायची. का करायची? कुणालाच माहीत नाही. पण करायचं म्हणजे करायचं. टक टक टक, कृष्ण कृष्ण!

चुकू बिचारी परत निघाली. फटीत जाऊन बसली. फट थंडगार. तिनं शेपटी पोटाशी घेतली. डोळ्यात पाणी आलं.

“आजोबा ऐकेनात,” ती हळूच म्हणाली. “बोट टेकेना…”

आणि ती एकदम उठून बसली.

टेकेना कसं? टेकलं की! टक टक टक! आजोबांनी ऐकलं नाही, तरी बोट टेकलं! फक्त चुकीच्या जागी टेकलं. बटणावर टेकायला हवं होतं, खुर्चीवर टेकलं.

चुकूची शेपटी वळवळ वळवळ. सरर सरर, गप्प! परत आजोबांकडे.

आजोबा चहा पीत होते. चुकू म्हणाली, चुक चुक चुक!

आजोबांचं बोट बशीवर. टिंग टिंग टिंग! “कृष्ण कृष्ण!”

चुकीची जागा.

आजोबा पेपर वाचत होते. चुकू म्हणाली, चुक चुक चुक!

आजोबांचं बोट पेपरवर. टर्र! पेपरला भोक. “कृष्ण कृष्ण!”

चुकीची जागा.

आजोबांनी ठकूला मांडीवर घेतलं. चुकू म्हणाली, चुक चुक चुक!

आजोबांचं बोट ठकूच्या डोक्यावर. टक टक टक! “कृष्ण कृष्ण!”

“आजोबा, मी आहे!” ठकू ओरडली.

“अरेच्चा! चुकलं, चुकलं,” आजोबा म्हणाले.

चुकीची जागा. चुकीचीच जागा. काव काव काव!

बाहेर संध्याकाळ झाली. गवळीकाकूंकडे टीव्ही चालूच. चिलट तिथं मजेत. गुंईं गुंईं. चुकूच्या घरात अंधार.

आजोबा उठले. “चल ठकू, देवाला दिवा लावू.”

देवाला! चुकूनं कान टवकारले. पालीला कान कुठं असतात? असतात हो, छोटी छोटी भोकं. तीच टवकारली.

सरर सरर, गप्प! चुकू देवाच्या वरच्या भिंतीवर.

आजोबांनी दिवा लावला. ठकूनं हात जोडले. एक डोळा मिटला, एक उघडा ठेवला. आजोबांनी दोन्ही डोळे मिटले. नमस्कार केला. मग उठायला म्हणून त्यांनी हात टेकला. कुठं?

पाटावर! रिमोटच्या शेजारी!

आता, चुकू, आता!

चुक चुक चुक!

आजोबांचे डोळे अजून मिटलेलेच. बोट निघालं.

टक! लागलं पाटावर. चुकीची जागा.

टक! लागलं रिमोटच्या कडेवर. अं हं, थोडक्यात चुकलं.

टक! लागलं बरोब्बर कुंकवावर.

“कृष्ण कृष्ण!”

मग काय!

बोट टेकलं, तसं बटण दबलं. पुट्!
बटण दबलं, तसा रिमोट बोलला. टिंव्!
रिमोट बोलला, तसा वायफाय धावला. झूंऽऽ!
वायफाय धावला, तशी कांडी उठली. टिमटिम!
कांडी उठली, तसा टीव्ही लागला. भप्प!
टीव्ही लागला, तसा उजेड पडला. आणि उजेड पडला, तसं गवळीकाकूंच्या खिडकीत कोणीतरी मान वळवली.

“अरे वा! इथं तर जास्तच उजेड आहे!”

गुंईं गुंईं गुंईं! चिलट आलं. टीव्हीवर बसलं. इतके दिवस गवळीकाकूंकडे राहून आणखीच गुबगुबीत झालं होतं.

चुकू निघाली. सरर सरर, गप्प! तुम्हीही हलू नका हं. सरर सरर, गप्प! शेपटीसुद्धा नाही हलली. तोंड उघडलं. आऽऽ!

गट्टम!

आणि पोटातले कावळे? सगळे एकदम गप्प.

इकडे आजोबा टीव्हीकडे बघतच राहिले. टीव्हीवर लाल माती. मातीत दोन पैलवान. आईनं सकाळीच आजोबांसाठी कुस्ती लावून ठेवली होती ना!

“ठकू! देव पावला गं! मी काहीसुद्धा केलं नाही!”

ठकूनं आजोबांच्या बोटाकडे पाहिलं. बोट लाल लाल. ठकू हसायला लागली. खुदुखुदु. पण तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

आजोबा खुर्चीत बसले. रिमोट मांडीवर घेतला. पिशवीसकट. ठकू शेजारी बसली. पैलवानानं पैलवानाला उचललं. वर, वर, वर! आजोबाही खुर्चीतून वर, वर, वर!

चुकूचं पोट भरलं होतं. फट उबदार झाली होती. तिला फार बरं वाटलं. ती आपली मजेत म्हणाली, चुक चुक चुक!

आजोबांचं बोट मांडीवरच्या रिमोटवर. टक! “कृष्ण कृष्ण!”

पैलवान हवेतच थांबला. गप्प!

आजोबा गप्प. ठकू गप्प. सगळं गप्प.

“आता काय झालं गं?” आजोबा हलकेच म्हणाले.

चुक चुक चुक!

टक! “कृष्ण कृष्ण!”

धबाक! पैलवान पडला. आजोबाही पडले. ठकू टाळ्या वाजवत नाचली. कितीतरी दिवसांनी आजोबा खुर्चीतून पडले होते!

रात्री आई घरी आली. दारातच थांबली.

“अय्या! बाबा, लावलात टीव्ही? तुम्ही?”

आजोबा ऐटीत म्हणाले, “त्यात काय एवढं! सोपं आहे. ये, तुला शिकवतो. रिमोट बोटाखाली ठेवायचा. मग वाट बघायची.”

“कशाची वाट?”

“पाल चुकचुकायची. पाल चुकचुकली की टक टक टक, कृष्ण कृष्ण. मग लागतो.”

आई हसली. “अहो बाबा, पालीचा काय संबंध? नुसतं बटण दाबायचं. रिमोट द्या इकडे. हे बघा, मी दाखवते.”

तिनं रिमोट हातात घेतला. पिशवी काढली. बोट बटणावर नेलं. आता दाबणार, एवढ्यात टीव्हीच्या मागून आवाज आला.

चुक चुक चुक!

आणि आईचं बोट? आपोआप! टक टक टक!

“कृष्ण कृष्ण!” आई म्हणाली. आणि तिनं पटकन जीभ चावली.

“शाब्बास!” आजोबा म्हणाले. “शिकलीस की लगेच!”

तेव्हापासून त्या घरात रोज संध्याकाळी काय होतं? आजोबा खुर्चीत बसतात. रिमोट मांडीवर. ठकू शेजारी. आजोबा वर बघतात आणि म्हणतात, “हं चुकूबाई, बोला.”

फटीतून एवढंसं तोंड बाहेर येतं. तुम्हाला माहीत आहे ती काय म्हणते. म्हणा बरं माझ्याबरोबर, जोरात!

चुक चुक चुक!

टक टक टक!

टीव्ही लागला, चिलट आलं,
चुकूच्या पोटात जाऊन बसलं.
गोष्ट तुमच्या कानात शिरली,
आता डोळे मिटा, आणि गप्प!